दोन पुलांचे वांद्रे

मुंबईच्या श्रीमंत उपनगरांची गोष्ट निघाली की वांद्र्याचे नाव ओघानेच येते. पाली टेकडीवरील निवासस्थाने, समुद्राकाठचे रुंद पदपथ, हिल रोडवरील दुकानांची गर्दी आणि चित्रपटनटांच्या दाराशी ताटकळणारे चाहते, एवढ्यावरून या गावाची ओळख करून घेण्याची रीत पडली आहे. परंतु अमुक गाव श्रीमंत आहे, एवढे म्हटल्याने त्या गावाविषयी फारसे काही कळत नाही. ती श्रीमंती तेथे कोणत्या वाटेने आली, आणि येताना तिने कोणाला सोबत घेतले व कोणाला बाजूस सारले, हा इतिहासाचा खरा प्रश्न होय. वांद्र्याच्या बाबतीत ‘वाट’ हा शब्द अक्षरशः घ्यावयास हरकत नाही. हे गाव मूळचे पाण्यापलीकडचे. ते पाणी ओलांडण्याची सोय जसजशी होत गेली, तसतसे गावाचे दैव पालटत गेले. १८४५ साली झालेला एक पूल आणि २००९ साली झालेला दुसरा, या दोहोंच्या दरम्यान गावाची बहुतेक कहाणी सामावलेली आहे.

प्रथम जागेची रचना ध्यानात घ्यावी. जुनी मुंबई म्हणजे सात लहान बेटे. त्यांच्या उत्तरेस साष्टीचे मोठे बेट. या दोहोंच्या मध्ये मिठी नदीच्या मुखाशी माहीमची खाडी. खाडीच्या अलीकडे माहीम, पलीकडे वांद्रे. साष्टीच्या या दक्षिण टोकाला एक बुटकी टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी भातखाचरे होती, काठाने ताडामाडांच्या बागा होत्या आणि चिंबईसारख्या ठिकाणी कोळ्यांची वस्ती होती. रानवर, पाली, शेर्ली, राजन, चुईम अशा लहान लहान पाखाड्यांत कुणबी, कोळी आणि भंडारी नांदत होते. ‘बंदर’ या शब्दावरून वांद्रे हे नाव पडले असावे असा तर्क काही लोक करतात.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसईच्या तहान्वये हा सारा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्यामागून जेसुइट पाद्री आले. १५७५ साली समुद्रकाठी सेंट अँड्र्यूचे चर्च उभे राहिले आणि पाखाड्यांतील पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नावे बदलली, देव्हाऱ्याच्या जागी क्रूस आला. परंतु घरातली बोली मराठीच राहिली, लुगडे राहिले, लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी राहिला आणि घुमटाच्या तालावरची गाणी राहिली. धर्मांतराने माणसाचे सर्वस्व पालटते असे समजणारांनी या पाखाड्यांकडे एकवार पाहावे.

१६४० साली पोर्तुगीजांनी टेकडीच्या टोकावर माहीमच्या उपसागरावर नजर ठेवण्यासाठी एक लहानसा किल्ला बांधला. त्याच्या नावातील ‘आग्वाद’ या शब्दाचा अर्थ पाणी भरण्याची जागा असा आहे. गोड्या पाण्याचा झरा तेथे असे आणि येणारीजाणारी गलबते त्यावर पाणी भरून घेत. पुढे १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात मुंबईची बेटे इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी त्यांचा ताबा घेतला. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे माहीमची चिंचोळी खाडी ही एकाएकी दोन राज्यांमधील सरहद्द होऊन बसली. समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांत दोन ध्वज फडकू लागले, आणि ही स्थिती शंभराहून अधिक वर्षे टिकली.

१७३७ साली मराठ्यांनी साष्टीवर स्वारी केली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती सुस्थितीत पडू नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्यावरून पोर्तुगीजांनी त्याची पाडापाड केली. आज त्या किल्ल्याचे अवशेषच तेवढे उरले आहेत. त्याच धामधुमीत टेकडीवरील मोत मावलीचे देवालयही उद्ध्वस्त झाले. तेथील मूर्ती पुढे कोळ्यांच्या जाळ्यात सापडली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेविली तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: १७६० च्या सुमारास हे देवालय पुन्हा बांधले गेले, त्या वेळी साष्टीवर अंमल मराठ्यांचाच होता. युद्धात पडलेले मंदिर शांततेत उभे राहिले आणि त्या राज्यकर्त्यांनी त्याला आडकाठी केली नाही. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. सरहद्द पुसली गेली. खाडी मात्र होती तशीच राहिली.

ही खाडी दिसावयास लहान असली तरी ओलांडावयास सोपी नव्हती. भरतीच्या वेळी प्रवाहाची ओढ मोठी आणि ओहोटीच्या वेळी चिखल अथांग. भाजी, मासळी, ताडी घेऊन मुंबईच्या बाजारास जाणारांना होडीखेरीज गत्यंतर नव्हते, आणि पावसाळ्यात तर होडीवर विसंबणे म्हणजे जीव मुठीत धरणेच होते. १८४१ साली या खाडीत अनेक होड्या उलटल्या आणि पुलाची मागणी जोर धरू लागली. कंपनी सरकारने खर्चास नकार दिला. अशा वेळी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई पुढे आल्या. आरंभी एक लाख रुपयांचा अंदाज होता. काम चालू असताना तो अपुरा ठरला तेव्हा त्यांनी आणखी सत्तावन्न हजार दिले. एकूण १,५७,००० रुपये. त्या काळच्या मानाने ही रक्कम अवाढव्य होती. मुलासाठी मोत मावलीला केलेल्या नवसापोटी त्यांनी हे दान दिले अशीही एक लोककथा आहे. एका पारशी स्त्रीने ख्रिस्ती मातेला नवस करावा आणि त्याची फेड सर्व जातींच्या वाटसरूंना मिळावी, ही कल्पना लोकांना रुचली, म्हणूनच ती कथा टिकली असावी.

परंतु या दानाचे मर्म रकमेपेक्षा त्याच्या अटीत आहे. या रस्त्यावर सरकारने जकात घेऊ नये, अशी अट अवाबाईंनी घातली होती. सरकारजवळ पैसा नव्हता, किंवा द्यावयाचा नव्हता. तरीही सरकारने नंतर वाटसरूंकडून तो वसूल करू नये, असा बंदोबस्त त्यांनी आधीच करून ठेविला. १८४५ साली माहीमचा हा बांधीव रस्ता खुला झाला. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि बग्गीतून जाणारा शेटजी हे दोघेही एकाच रस्त्यावरून, एकाच अधिकाराने आणि एक पैही न देता पलीकडे जाऊ लागले. आधुनिक वांद्र्याचा जन्म त्या दिवशी झाला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

रस्त्यामागून रेल्वे आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. तिच्या थांब्यांत ‘बंदोरा’ या इंग्रजी वळणाच्या नावाने वांद्रेही होते. १८७६ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. मुंबईतील सधन पारशी, युरोपीय अधिकारी आणि शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ हवापालटासाठी येथे येऊ लागले. प्रथम सुटीचे बंगले झाले, मग कायमचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा गजबजलेल्या वस्तीतून मोकळ्या हवेत जाऊन राहण्याची ओढ आणखी वाढली. मात्र प्लेग वांद्र्यापर्यंतही पोहोचला. पाखाड्यांच्या तोंडाशी, गल्लीच्या वळणावर जे दगडी वा लाकडी क्रूस आजही दिसतात, त्यांतले कित्येक त्या साथीच्या दिवसांत गावकऱ्यांनी रक्षणार्थ उभारलेले आहेत. धनिकांच्या बंगल्यांना साथीमुळे शेजारी लाभले आणि त्याच साथीने मूळच्या गावकऱ्यांना अंगणात प्रार्थना करावयास लाविले. एकाच संकटाच्या या दोन खुणा वांद्र्याच्या रस्त्यांवर शेजारी शेजारी उभ्या आहेत.

याच सुमारास मूळ गावकऱ्यांनी स्वतःला एक नवे नाव घेतले. रेल्वे आणि आगबोटी यांमुळे गोव्याकडील व मंगळूरकडील ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले होते. त्या सर्वांना सरसकट ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणण्यात येई. आपण येथले मूळचे, आणि कंपनीच्या अमलाखालील जुने प्रजाजन, हे सरकारच्या नजरेस आणण्यासाठी साष्टी, वसई व मुंबई येथील मराठीभाषी ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केले. ज्या कंपनीचे नाव त्यांनी धारण केले तिचे राज्य १८५८ मध्येच संपलेले होते. ज्यांची भाषा मराठी आणि ज्यांची भातशेती पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यांना आपल्याच गावात आपली ओळख पटविण्यासाठी एका मावळलेल्या परकी कंपनीच्या नावाचा आधार घ्यावा लागला, यावरून परिस्थिती किती झपाट्याने पालटत होती याची कल्पना यावी.

शेतीचे प्लॉट होण्याची क्रिया येथून पुढे वेग घेते. १९१५ साली गावदेवीस सारस्वत मंडळींनी सहकारी तत्त्वावर वसाहत उभारण्याचा पायंडा घातला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, वांद्र्यास ‘साल्सेट कॅथलिक सहकारी गृहसंस्था’ स्थापन झाली. सभासदांनी भांडवल एकत्र करावे, संस्थेने मोकळी जमीन घेऊन रस्ते आखावेत, आणि मालकी संस्थेकडे ठेवून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने प्लॉट सभासदांना द्यावेत, अशी ही व्यवस्था. सेंट लिओ, सेंट सिरिल, सेंट अलेक्सियस अशा संतनामांचे रस्ते त्यातूनच निर्माण झाले. कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकर अशा मध्यम मिळकतीच्या माणसालाही व्हरांडा, कौलारू छप्पर आणि चार झाडे असलेले घर आपले म्हणता येईल, ही त्यामागील दृष्टी होती. दादरला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी याच पिढीत वसल्या. समाजासमाजाने वेगळे राहण्याची ही रीत आज कोणाला खटकेल. तथापि सावकार आणि सट्टेबाज यांना वगळून सामान्य माणसाने स्वतःचे घर बांधण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि वांद्रे मुंबईच्या अधिकच निकट आले. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांपैकी पुष्कळांनी या भागात आसरा घेतला. सिंधमधील हैदराबाद येथे १९२२ साली स्थापन झालेले नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यास पुन्हा सुरू झाले. एखादे महाविद्यालय निर्वासित होऊन यावे आणि दुसऱ्या शहरात मूळ धरावे, ही गोष्ट त्या काळाची साक्ष देते. लगोलग १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबईत समाविष्ट झाले आणि गावाची वेगळी नगरपालिका इतिहासजमा झाली.

यानंतर बंगल्यांचे दिवस भरत आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु मिळणाऱ्या भाड्यात छप्पर शाकारणेही मालकाला परवडेना. एका बंगल्याला दोन पिढ्यांत सहा-आठ वारस झाले. १९६३ मध्ये सदनिकांच्या मालकीविषयी कायदा होऊन मजल्यामजल्याने घरे विकण्याच्या व्यवहाराला शिस्त आली आणि बंगला पाडून त्या जागी इमारत बांधणे हा सर्व वारसांना सोयीचा मार्ग ठरला. १९५४ साली हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ उभा राहिला होता, पाली टेकडीवर दिलीपकुमार, गुरुदत्त यांच्यासारख्या कलावंतांनी घरे केली होती. त्यांच्या नावाच्या वलयाने जमिनीचा भाव आणखी चढला. कोणी कोणाला बळजबरीने हाकलून दिले नाही. प्रत्येक कुटुंबाने आपापला हिशेब केला, तो त्याच्यापुरता बरोबरच होता. आणि अशा शेकडो बरोबर हिशेबांची बेरीज होऊन एक गाव नाहीसे होत गेले.

येथवर आपण रेल्वेच्या पश्चिमेकडचे वांद्रे पाहिले. पूर्वेकडचे वांद्रे निराळे आहे. कैक वर्षे गावाच्या वाट्यास मुंबईचा कत्तलखानाही आलेला होता. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला तेव्हा तो येथून हलला. पूर्वेच्या दलदलीलगत सरकारी नोकरांची वसाहत झाली, मध्यम मिळकतीच्या लोकांसाठी गृहमंडळाची घरे झाली, कलावंतांचे कलानगर झाले, आणि मराठी साहित्यिकांनी सहकारी पद्धतीने ‘साहित्य सहवास’ उभारला. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ यांच्यासारखे लेखक तेथे शेजारी म्हणून नांदले. कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचा मुलगा सचिन याच आवारात बॅट घेऊन धावला. स्टेशनला लागून बेहरामपाडा हा कष्टकऱ्यांचा दाट पाडा आहे, जेथे एकावर एक खोल्या चढत गेल्या आहेत. वांद्रे श्रीमंत आहे असे म्हणणाऱ्याने स्टेशनच्या कोणत्या बाजूस उतरलो, हे आधी सांगितले पाहिजे.

मिठी नदीच्या काठच्या पाणथळीवर १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. सुमारे ३७० हेक्टरांच्या त्या क्षेत्रात आज राष्ट्रीय शेअर बाजार आहे, बँकांची मुख्यालये आहेत आणि २०१० मध्ये सुरू झालेला हिरे बाजार आहे. पाणथळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. ती नदीची पसरावयाची जागा असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठी फुगली, आणि वरच्या अंगाच्या वस्त्यांपासून पूर्व वांद्र्यापर्यंत पाणी घरांत शिरले. नदीची ही जागा वर्षानुवर्षे भरावाने आणि बांधकामांनी आक्रसत आली होती, याची जाणीव त्या दिवसाने सर्वांना करून दिली.

आता दुसऱ्या पुलाकडे वळू. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. लांबी ५.६ किलोमीटर, मार्गिका आठ. भर समुद्रात तारांनी तोललेली ही रचना स्थापत्यशास्त्राचा मोठा पराक्रम आहे यात संशय नाही, आणि माहीमच्या जुन्या रस्त्यावरील कोंडीतून तिने अनेकांची सुटका केली आहे. परंतु या पुलावर पथकर आहे. पादचाऱ्यास तेथे मज्जाव आहे, सायकलस्वारास आहे, दुचाकी व तिचाकी वाहनांसही आहे. सुरक्षिततेची कारणे त्यामागे आहेत हे मान्य. तरीही दोन पूल शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक भेद नजरेआड करता येत नाही. १८४५ सालचा पूल पायी चालणाराला आधी मनात धरून बांधला गेला. २००९ सालचा पूल ज्याच्याजवळ मोटार आहे त्याच्यासाठी बांधला गेला. पहिल्याचा पैसा एका व्यक्तीचा आणि उपयोग सर्वांचा. दुसरा सार्वजनिक खटाटोपाने उभा राहिला आणि त्याचा उपयोग काहींचा. या दोहोंच्या दरम्यान तिसरी एक वाट अलीकडेच निघाली आहे. मिठीच्या पात्राखालून जाणारी भुयारी मेट्रो आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत २०२४ मध्ये व कफ परेडपर्यंत २०२५ मध्ये सुरू झाली. तिकीट काढील त्याला तिच्यात जागा आहे.

मग आजचे वांद्रे जगते कसे? रानवरच्या अरुंद गल्लीत लाकडी जिन्याची आणि जाळीदार सज्जाची काही घरे अद्याप उभी आहेत. त्यांच्या तळमजल्यावर उपाहारगृहे आणि कपड्यांची दुकाने आली आहेत; चॅपल रोडच्या भिंती रंगीत चित्रांनी भरल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे घेण्यास परगावचे लोक येतात. उन्हाळ्यात एखाद्या अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या दिसतात. मग त्यांचा मसाला कुटून बाटल्यांत भरला जातो आणि तो ‘बॉटल मसाला’ वर्षभर पुरविला जातो. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी मोत मावलीची जत्रा सुरू होते. १९०४ साली बांधलेल्या आजच्या चर्चकडे जाणारा चढ आठवडाभर माणसांनी फुलून जातो. हातापायांच्या, घरांच्या, पाळण्यांच्या मेणाच्या प्रतिकृती वाहणाऱ्या त्या गर्दीत हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असा निवाडा करू म्हटले तरी करता येत नाही. घर नसलेला माणूस मेणाचे घर वाहतो, आणि ते देशातील अत्यंत महाग घरांच्या शेजारी वाहतो, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे.

आणि रोज पहाटे विरार, नालासोपारा, भाईंदर येथून गाड्या भरून येतात. स्वयंपाक करणाऱ्या बाया, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, दुकानांतील मुले, पहारेकरी असे सहस्रावधी लोक स्टेशनावर उतरतात, वाटणीच्या रिक्षात बसून किंवा चालत टेकडीकडे जातात आणि रात्री त्याच मार्गाने परततात. या मंडळींवाचून पाली टेकडीवरील एकही घर एक दिवस धड चालणार नाही. वांद्र्यात राहणे त्यांना परवडत नाही. वांद्रे चालविणे मात्र त्यांच्याच हाती आहे.

उपनगर वाढू नये, जमिनीला भाव येऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. गावाने शहराशी जोडले जावे म्हणूनच पहिला पूल मागितला गेला होता, आणि त्याची फळे पाखाड्यांतील मुलांनी शाळा-महाविद्यालयांच्या व नोकऱ्यांच्या रूपाने चाखली. प्रश्न एवढाच की, प्रत्येक नव्या वाटेच्या आरंभी ती कोणाकोणासाठी आहे हे ठरविताना त्या ठिकाणी आधीपासून असलेल्यांची आणि रोज तेथे राबणाऱ्यांची गणना होते की नाही. विकासाच्या आराखड्यांत अशी अट आपोआप येत नाही. कोणीतरी ती मुद्दाम घालावी लागते. अवाबाईंनी ती घातली होती. म्हणून आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही, खिशात दमडी नसलेला मनुष्य माहीमहून निघून खारा वारा खात वांद्र्यापर्यंत चालत जाऊ शकतो आणि त्याला वाटेत कोणी अडवीत नाही.